जाईच्या जागी भट्टी

राधाकिशन गुरुजी केकचा डबा परत घेऊन आले, तेव्हा प्रणिता उंबऱ्यापुढं रांगोळी रेखत होती. आदल्या दिवशी गुरुजींच्या नातीचा, तेजश्रीचा वाढदिवस झाला होता. केक प्रणितानंच करून दिला होता. बिनअंड्याचा, घरच्या दह्यातला, वर गुलाबी फुलांची वेल.

"पोरी, राग धरू नको," गुरुजी ओट्यावर टेकत म्हणाले. "केक लई मऊ झालता. पण घास तोंडात गेला की ठेचा आठवतो बघ. मिरची हाय, लसूण हाय, मीठ तेवढं कमी पडलं."

प्रणितानं डबा नाकाशी नेला. हसावं की रडावं, तिला कळेना. तिचा ओव्हन स्वयंपाकघराच्या ओट्यावर, शेगडीला खेटून होता. काल तिनं गरम केक तिथंच निवायला ठेवला आणि सासूबाईंनी शेजारी तव्यावर मिरच्या परतल्या. निवता निवता केकनं तो सगळा वास पिऊन घेतला होता.

"अन् माझं गाऱ्हाणं कुणाला सांगू, गुरुजी?" आतून शिवकांताबाईंचा आवाज आला. "परवा वरणाला व्हॅनिलाचा वास. हे म्हणले, आज वरण गोड कावून लागतंय? मी म्हणलं, वरणाचा वाढदिवस हाय."

वीरभद्रअप्पा पूजा आटोपून बाहेर आले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे अजून ओले होते. वडवणीच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान. बोलणंही तराजूतून उतरल्यासारखं, ना जास्त ना कमी.

"ओटा एक अन् राण्या दोन," ते सुनेचे सासरे कमी आणि पंच जास्त होऊन म्हणाले. "भट्टीला वेगळी खोली बांधून टाकू."

इतकं साधं. प्रणिताच्या चिमटीतली रांगोळी चिमटीतच राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून जे तिनं मनातसुद्धा मोठ्यानं म्हटलं नव्हतं, ते सासऱ्यांनी गुळाचा खडा हातावर ठेवावा तसं देऊन टाकलं.

संध्याकाळी अंगणात नकाशा निघाला. कागद नाही, पेन्सिल नाही. सारवलेल्या भुईवर पांढरी रांगोळी. प्रणिता ओणवी होऊन रेघा ओढत होती आणि ओढलेल्या खोलीत स्वतःच उभी राहून बघत होती, भातुकली मांडलेल्या पोरीसारखी.

"इथं ओव्हन. इथं मळायचा ओटा, उभ्यानं काम होईल एवढा उंच. ही साच्यांची फळी. आणि इथं जाळीची खिडकी. केक निवेल तर वाऱ्यावर निवेल, मिरचीवर नाही."

दुकान मिटवून बसवेश आला. बायकोच्या खोलीत पाय ठेवायच्या आधी त्यानं चपला काढल्या, रांगोळीचीच खोली असली तरी. "इथं काचेचं कपाट पायजे. गिऱ्हाईक आधी डोळ्यानं खातंय."

अप्पांना मैद्याच्या पोत्याला कोरडा कोपरा हवा होता. चहाची वेळ साधून आलेल्या सटवा गवंड्याला भट्टी आग्नेयेलाच हवी होती.

"मी बांधलेल्या घरात आजवर एकीची बी चूल भांडली न्हाई," सटवा छाती काढून म्हणाला.

"अन् तुझ्या घरातली?" शिवकांताबाईंनी कप पुढं करत विचारलं. त्याच्या घरातलं भांडण चार गल्ल्या लांब ऐकू जायचं.

"ते घर माझ्या सासऱ्यानं बांधलंय."

सगळे हसले. हसता हसता प्रणिताची रेघ स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत गेली आणि थांबली. कारण तिथं जाई उभी होती.

जाई म्हणजे म्हैस. अंधारात बांधली तर अंधारच हंबरतोय असं वाटावं इतकी काळी. असं नाव कसं ठेवलं म्हणून कुणी हसलं की शिवकांताबाई म्हणायच्या, "दूध कसल्या रंगाचं देती? मग?" वगार, एवढंसं रेडकू असल्यापासून त्यांनीच तिला वाढवलेली. स्वयंपाकघराला लागून जागा होती ती एवढीच, जाईच्या गोठ्याची. मधे एक भिंत आणि भिंतीत हातभर झरोका.

सगळे शिवकांताबाईंकडं बघू लागले.

"बघताय काय माझ्याकडं? बांधा तिला लिंबाखाली. म्हशीला काय, सावली अन् वैरण मिळाली म्हंजी झालं."

त्या आत गेल्या. आतून भाकरीची थाप ऐकू आली, पण नेहमीपेक्षा जरा उशिरा.

अंगणाच्या पार त्या टोकाला कडुलिंब होता. दुसऱ्या दिवशी जाईचा खुंटा तिथं ठोकला. गोठा धुऊन निघाला. आठवडी बाजार झाला की भिंत फोडून स्वयंपाकघरातून दार काढायचं, असं सटवानं सांगितलं.

आणि त्याच संध्याकाळी जाईनं पान्हा चोरला.

शिवकांताबाई कास धुऊन बसल्या. पाठीवरून हात फिरवला, लाडाची नावं घेतली. चरवीच्या बुडाला चार धारा वाजल्या आणि संपलं. "नवी जागा हाय, बुजली असंल," त्या म्हणाल्या. पण सकाळीही तेच, संध्याकाळीही तेच. अप्पांनी जाईच्या कपाळाला विभूती लावली. बसवेशनं सरकीची पेंड आणली. जाईनं पेंड चाटूनपुसून खाल्ली आणि दुधाचं नाव काढलं नाही. जनावरांचे डॉक्टर येऊन म्हणाले, "तब्येत ठणठणीत हाय. रुसलीया." सटवानं मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या. त्या धुरानं अंगणातली सगळी माणसं खोकून बेजार झाली. जाई तेवढी शांत.

जेवताना बसवेश हळूच म्हणाला, "आई, ऐक जरा. दूध तुटलं तर बाजारात गिऱ्हाईक बघू का? वय बी झालंय. भाकड म्हस दारात..."

"भाकड म्हणू नको तिला!"

इतक्या मोठ्यानं शिवकांताबाई त्या घरात कधी बोलल्या नव्हत्या. मग स्वतःच्याच आवाजाला दचकल्यासारख्या त्या ताटाकडं बघत राहिल्या. "बघू," म्हणाल्या. "बाजार येऊ दे."

प्रणितानं हातातला घास ताटात परत ठेवला. तिच्या नानकटाईचं नाव गावभर होतं ते जाईच्या तुपावर. केकमधलं दही जाईचं. तुपाची बरणी तळाला गेली म्हणून आज तिनं विकतच्या तुपात नानकटाई केली होती. दिसायला तशीच. पण एक खाल्ल्यावर तिला दुसरी उचलावीशी वाटली नाही. जिच्या जिवावर खोली उभी राहायची, तिलाच आपण उठवून लावलं. आणि बाजार आला की आत्यांच्या, सासूबाईंच्या हातातून तिचा दोरही जाणार.

पहाटे ती केरसुणी घेऊन अंगणात आली. नकाशा झाडून टाकायचा आणि चहाच्या वेळी सगळ्यांना सांगायचं, खोली नको. केकला ठेच्याचा वास तर वास.

केरसुणी रांगोळीला टेकली. तेवढ्यात तिची नजर लिंबाकडं गेली.

जाईनं दोर ताणला होता. मान लांब, कान उभे, तोंड घराकडं. आत शिवकांताबाईंनी भाकरीला हात घातला होता. थाप इथवर येता येता विरून जात होती, एखादी कुठं ऐकू यायची. थप. जाईचा कान हलायचा. थप. पुन्हा हलायचा. रस्त्यावरून फटफटी गेली, थाप बुडाली, आणि जाई अशी हंबरली की प्रणिताच्या हातातून केरसुणी गळाली.

झरोका!

इतकी वर्षं दोन्ही वेळेला त्या झरोक्यातून भाकरीची थाप जाईच्या कानावर पडत होती. थाप सुरू झाली की तिच्या कासेत दूध उतरू लागायचं. थाप थांबली की आत्या पहिली भाकरी आणि चरवी घेऊन यायच्या. जाईचं स्वतःचं रेडकू मोठं होऊन दुधावरून तुटलं, तेव्हापासून ती थापच तिचं लेकरू झाली होती.

प्रणितानं पळत जाऊन मागच्या दारातली जुनी परात आणली, पिठाचा गोळा घेतला आणि लिंबाखाली मांडी घालून थापायला बसली. फट. फट. फटाक. गोळा एका बाजूनं फाटला. जाईनं मान वळवली आणि तिच्याकडं अगदी तसं बघितलं, जसं लग्नानंतर तिच्या पहिल्या भाकरीकडं आत्यांनी बघितलं होतं. मग तोंड फिरवलं.

"आत्या! आत्या, बाहेर या! आहे तशा या!"

शिवकांताबाई पिठाळ हातांनी धावत आल्या. "काय झालं गं? अन् हे काय मांडलंस? पहाटंपहाटं वेड लागलं का?"

"बसा इथं. थापा."

"म्हशीपुढं?"

"म्हशीसाठीच. बसा तर!"

सुनेचा चेहरा बघून त्या बसल्या. गोळा घेतला, परातीत पीठ भुरभुरलं. त्यांचा हात बसला आणि थापेला ताल आला. तालामागं नकळत ओठांवर ओवी आली.

*थापिते भाकर, थाप जाईच्या कानाला*
*दुधाचा गं झरा, फुटं काळ्या पाषाणाला*

जाईचे डोळे अर्धे मिटले. ताणलेला दोर सैल पडला. ती रवंथ करू लागली. मग प्रणितानं बघितलं, कासेतून दुधाचा थेंब आपसूक मातीत पडला होता.

"थांबू नका, आत्या, थांबू नका!" तिनं चरवी ओढली आणि खाली बसली. सासू थापत होती, सून धार काढत होती. चरवीत फेस चढत काठाला आला, तेव्हा शिवकांताबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. गालाला पीठ लागलं ते तसंच राहिलं.

"माझीच लेक, अन् मलाच कळलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्या, तुमची चूल इथंच मांडू. लिंबाखाली. वर दोन पत्रे टाकू. गॅसवरच्या भाकरीला चव न्हाई, असं तुम्हीच म्हणता."

शिवकांताबाईंचा हात थांबला.

"चूल बाहेर?" त्या सावकाश म्हणाल्या. "गल्ली काय म्हणंल, प्रणिता? भट्टी घरात आली अन् सासू अंगणात गेली."

लिंबावर चिमण्या जाग्या झाल्या होत्या. प्रणितानं चरवी बाजूला ठेवली. मग उठली, रांगोळीचा डबा आणला आणि त्या संध्याकाळी ओढलेलं एक दार बोटानं पुसलं. स्वयंपाकघराकडचं. नवं दार तिनं लिंबाकडं काढलं, रुंद, दोन फळ्यांचं.

"भिंत फोडायचीच न्हाई. दार हिकडं. तुमी इथं थापा, मी तिथं मळते. मान वर केली की तुमी दिसायला पायजेत. गल्ली आलीच तर तिला बी पाट टाकू." माहेरी शहरात शिकलेलं तिचं बोलणं कधी सासरचं होऊन गेलं, तिला समजलंही नाही.

शिवकांताबाई त्या पांढऱ्या दाराकडं बघत राहिल्या.

"अन् भाकर कोण शिकंल?" शेवटी त्यांनी विचारलं. "मी आले तवा तुझा फाटका गोळा बघितला, अन् जाईचं फिरवलेलं तोंड बी."

"शिकवा की मग. रोज."

"चूल मी माझ्या हातानं घालणार. सटव्याला हात लावू देणार न्हाई. त्यानं बांधली अन् ती बी भांडायला लागली तर?"

दार बदललं म्हणून सटवा दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी पहिली वीट त्यानंच आणून ठेवली आणि दार इकडं घ्यायची कल्पना मूळ आपलीच, असं चहाच्या टपरीवर सांगून आला. खोली उभी राहत होती तशी लिंबाखाली चूलही आकाराला येत होती. लाल माती, भुसा, शेण. प्रणितानं ती माती मैदा मळावा तशी मळली, आणि शिवकांताबाई म्हणाल्या, "मळायला जमतंय. म्हंजी भाकर बी येईल." ओल्या चुलीच्या कडेवरून बोटं फिरवताना त्या गुणगुणत होत्या.

*सुनेची गं भट्टी, सासूबाईची चूल*
*मधी हंबरतं, काळं जाईचं फूल*

बीडहून टेम्पोतून मोठा ओव्हन आला. अप्पांनी त्यालाही विभूती लावली आणि चुलीला हळदी-कुंकू वाहिलं गेलं. बसवेशनं काचेचं कपाट पुसून पुसून इतकं लख्ख केलं की दोनदा त्याचंच कपाळ त्यावर आपटलं. बाजारातल्या गिऱ्हाइकाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. उलट जाईला उन्हाची तिरीप लागते म्हणून एक पत्रा तोच वाढवून घेऊन आला.

नव्या खोलीतला पहिला केक राधाकिशन गुरुजींना दिला. पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता. आधीच्या केकची ती भरपाई होती. गुरुजींनी डबा उघडला, डोळे मिटले आणि दहावीचा पेपर तपासावा तसा बराच वेळ वास घेतला. प्रणिता श्वास धरून उभी.

"न्हाई," ते म्हणाले. "मिरची न्हाई, लसूण न्हाई. निस्ता केक."

प्रणिता हसली, पण गुरुजी उठेनात. लिंबाखाली तव्यावर मिरच्या तडतडत होत्या आणि धूर वाऱ्यासंगं पलीकडं चालला होता. गुरुजींनी डबा बंद करून मांडीवर ठेवला, घसा साफ केला.

"शिवकांताबाई, खरं सांगू का? तो आधीचा केक बी वाईट नव्हता. तेवढा ठेचा अन् एखादी भाकर..."

"बसा की, गुरुजी," शिवकांताबाईंनी चुलीच्या तोंडाशी टम्म फुगलेली भाकरी उचलली, मोडली आणि उठून जाईच्या खुंट्याकडं चालू लागल्या. "पण पयली जाईची. तुमी दुसऱ्या नंबरावर."