तांदळातली रेघ

रेघ नव्हती.

झाकण एका हातात धरून ती डब्यात वाकून बघत राहिली. काल सकाळी तिनेच तांदूळ तळहाताने सारखे केले होते आणि वर बोटाने आडवी रेघ ओढली होती — कुणी पाहिलंच तर सहज फिरलेलं बोट वाटावं, अशी. संध्याकाळी सासूबाई जो भात लावत त्याचे तांदूळ ती कामावर जाण्याआधी मापून वाडग्यात काढून ठेवी, म्हणजे दिवसभरात डब्याला कुणाचा हात लागायचं कारण नव्हतं. तरी हात लागला होता. लागणार हे ती धरूनच चालली होती, नाहीतर रेघ ओढली कशाला असती? रोज संध्याकाळी डब्याभोवती चारदोन दाणे सांडलेले दिसायचे आणि शेजारची म्हातारी हल्ली सासूबाईंकडे वरचेवर येऊन बसायची. सासूबाईंचा हात मोकळा, पहिल्यापासूनचा... तेव्हा म्हटलं, एकदा काय ते कळू दे.

कळलं ते भलतंच. डब्याला आतून एक पोचा होता, घर बदलताना जिन्यावरून गडगडला तेव्हाचा. काल तो पोचा अर्धा उघडा होता. आज बुजला होता.

तांदूळ वर आले होते.

कमी होणं हा तर डब्याचा धर्मच. संसार म्हणजे तरी काय, भरलेलं रितं होताना बघायचं आणि पुन्हा भरायचं. पण आपण होऊन वाढलेला डबा तिने जन्मात पाहिला नव्हता. ऐकला मात्र होता. लहानपणी आईच्या मांडीला टेकून ती कथा ऐकायला बसायची. गाऊन कथा सांगणारे एक बुवा होते, उंच, आवाज असा की मागच्या रांगेतल्या बाया पदराने डोळे टिपू लागायच्या. भक्ताच्या घरचं भांडं रितं होईना म्हणून ते आळवून आळवून सांगत होते, आणि सूर थांबल्याबरोबर त्या शांततेत ही मोठ्यांदा बोलली होती — मग त्या घरात कुणी जेवत नव्हतं का? सगळे हसले होते. बुवाही हसले होते. आईने मात्र दंडाला चिमटा काढला होता, देवाच्या गोष्टीत असं विचारू नये म्हणून.

"काय गं, मुंगी लागली का तांदळाला?" मागून सासूबाई.

"नाही आई. बघत होते, किती दिवस जातील."

"जातील जातील. माझ्यावर सोडलंयस ना? मग काळजी करू नकोस."

सोडलं होतं खरं. कारखान्यातल्या पाळ्या निम्म्या झाल्या, नवरा आठवड्याचे तीन दिवस घरी बसू लागला, तेव्हा तीच म्हणाली होती — आई, मी दिवसभर बाहेर, सामान पुरवायचं तुमच्या हातात. आणि सासूबाई एकदम ताठ बसल्या होत्या. गुडघे गेल्यापासून त्यांच्यावर कुणी काही सोपवलं नव्हतं.

तिने रोजचे तांदूळ मापले. वाडगा ओट्यावर ठेवला, झाकण लावलं. रेघ ओढली नाही.

कपडे लहान-मोठे करून देण्याच्या त्या अरुंद दुकानात दिवसभर दिवा लागतोच. मशीनवर बसलं की ढगळ कपडा पुढे यायचा, खडूची खूण बघायची, शिवण उसवायची, आत घ्यायची. आज एक बाई आपले झगे घेऊन आली होती, खूश होती, आरशासमोर स्वतःच्या कमरेला दोन्ही हातांनी पकडून दाखवत होती — संध्याकाळचं जेवणच सोडलं हो मी, बघा कसं उतरलं! ती गेल्यावर मालकीणबाई दोरा तोडत म्हणाल्या, "बघ बाई. लोकांना उपाशी राहायला सुद्धा डॉक्टरचा सल्ला लागतो. आणि वर शिलाईचे पैसे आपल्याला. देव देतो तो असा."

एरवी ती हसली असती. हसलीही, ओठांनी. पण बोटं खडूच्या खुणेवर थांबली होती. दोन बोटं आत... दोन्ही बाजूंनी दोन बोटं आत — हे माप तिच्या हाताने नुकतंच कुठेतरी घेतलं होतं, आणि ते या दुकानात नव्हे. घरी. खिडकीशी बसून. सासूबाईंचा करडा ब्लाउज. "धुऊन धुऊन कापड सैल पडलं गं, जरा आत घे," त्या म्हणाल्या होत्या, आणि तिने टाचण्या लावल्या होत्या, त्यांना वळवून, हात वर करायला लावून. बगलेखाली बोटांना बरगडी लागली होती. लागली होती! कपड्यातली कुठली शिवण ताणली, कुठली विरली हे नुसत्या स्पर्शाने सांगणारी मी, कारागीर म्हणवणारी... सुती कापड धुऊन आटतं, सैल पडत नाही, हे मला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. मी टाचण्या लावत गेले. दाताखाली दोन टाचण्या होत्या म्हणून बोलता आलं नाही, असं आता वाटतं. पण टाचण्या काय, काढता येतात तोंडातून.

मशीन चालू लागलं. शिवण सरळ आली. हात आपलं काम विसरत नाहीत, हीच तर पंचाईत.

तेव्हा असं होतं तर. वाडग्यातली एक मूठ परत डब्यात. रोज. स्वतःची मूठ. आणि मग, "मला मेलीला म्हातारपणी भूक धरवत नाही, मी आपली दिवेलागणीलाच जेवून घेतलं." आपण थकून आलेलो असायचो, बरं वाटायचं, चला, एक ताट कमी वाढायचं. नवरा भातावर आमटी ओतताना म्हणायचा, "तुझ्या हातात बरकत आहे बघ. निम्म्या पगारात दुसरी कुणी असती तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं." आणि तिला — खोटं कशाला — आतून ऊब यायची. बाजार उठायच्या वेळी जाऊन स्वस्तात उचललेली भाजी, फाटक्या पुड्यातली डाळ, घासाघीस, पायपीट, हे सगळं तिचं होतं, कमावलेलं होतं. त्या बरकतीतली एक मूठ तिची नव्हती. कोणती, हे वेगळं काढता येत नव्हतं आता. तांदळात तांदूळ मिसळला की तो कुणाचा म्हणून ओळखायचा?

आणि ती त्या माउलीला चोर समजून रेघ ओढून बसली होती.

संध्याकाळी दुकानदाराने तिला लांबूनच ओळखलं. "या ताई! फाटका पुडा राखून ठेवलाय तुमचा. तुकडा तांदूळ मात्र संपला. एकदा तरी अख्खा घ्या, तुकडे खाऊन खाऊन माणसं बोलतातही तुकड्यातुकड्यांत."

"मग अख्ख्याचा भाव तुकड्याचा लावा, तासभर बोलते."

"नको बाबा," त्याने दोन्ही हात जोडले. "तुम्ही तासभर बोललात तर मलाच दुकान तुमच्या नावावर करावं लागेल."

ती हसली, आणि हसता हसता ठरवलं की आज दूध जास्त घ्यायचं, केळी घ्यायची, मऊ, सासूबाईंना चावता येतील अशी. केळ्यांपाशी गेली. पिवळ्याधमक फण्या वर टांगल्या होत्या, आणि खाली टोपलीत काळवंडलेली, सुटी, निम्म्या भावाची. तिने वरच्या फणीला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. पिशवीत पाहिलं तेव्हा टोपलीतली केळी होती. कधी उचलली, कळलं नाही. हात आपण होऊन काटकसर करत होता... तो आता तिचं ऐकणारही नव्हता बहुधा.

वाटेत तिने वाक्यं जुळवली. आई, तुम्ही जेवत नाही. — छे, हे चोरी पकडल्यासारखं. आई, डबा पुरेल, तुम्ही नीट जेवा. — पण पुरेल का? त्या नीट जेवल्या तर महिना कुठे येऊन थांबेल, हा हिशेब मनात उभा राहिलाच, न बोलावता, आणि तिला स्वतःची किळस आली. देवा, मी एका म्हातारीचा घास मोजते आहे. तरी हिशेब हलेना.

घरी दिवा लागला होता. नवरा आणि लेक पाटावर बसली होती, सासूबाई भिंतीशी, पाय लांब करून.

"आई, या. पान घेते तुमचं."

"अगं, माझं झालं कधीच. दिवेलागणीलाच बसले."

"माझ्याबरोबर दोन घास."

"दोन घासांनी काय, गळ्याशी येईल." त्यांनी पोटावर हात ठेवून दाखवला. करड्या ब्लाउजाची शिवण सुबक बसली होती. मग हळूच, मोठ्या आशेने, "डबा बघितलास का? आहे ना अजून बराच?"

सारी वाक्यं जिभेशी होती. पण त्या चेहऱ्यावर अशी काही उजळ वाट बघणं होतं... पहिल्यांदाच काही धड करून दाखवलेल्या पोरीसारखं. "हो," ती म्हणाली. "भरलेलाच आहे."

सासूबाई हसल्या. देवाने शाबासकी दिल्यासारख्या हसल्या.

तिने ताट वाढून घेतलं, समोर ठेवलं, आणि भाताला हात लावता येईना. उठली. अर्ध्याहून जास्त भात दुसऱ्या ताटलीत काढून सासूबाईंपुढे सरकवला. "मला भूक नाही. दुकानात खाल्लं आज, मालकीणबाईंनी आणलं होतं."

आवाज अगदी सहज आला. इतका सहज की तो ओळखीचा वाटला. सासूबाईंनी मान वर केली. त्या बघत राहिल्या, आणि त्या नजरेत राग नव्हता, लाज नव्हती. एका कारागिराने दुसऱ्याची शिवण उलटून बघावी तसं काहीतरी होतं. टाका कुठे आहे ते दोघींनाही दिसत होतं. कुणी उसवला नाही. ताटली दोघींच्या मध्ये राहिली, तिच्यातून वाफ निघत होती, मग निघेनाशी झाली.

"घ्या की कुणीतरी," नवरा न बघता म्हणाला. "अन्न आहे ते."

तेवढ्यात लेकीने आपलं ताट पुढे लोटलं. त्यात भात होता, बाजूला नीट सारून ठेवलेला, मुठीएवढा.

"मला पण पुरे," ती म्हणाली. "शाळेत खाल्लं मी."

ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. खरं असेल. शाळेत मुलं एकमेकांचं खातात, का नाही खाणार? आजवर ही पोर पुरे म्हणाली की पुरे असायचं. दार वाजलं की कोण आलं ते कळावं तसं कळायचं. आता तिने कान देऊन ऐकलं, मनातल्या मनात पुन्हा, आणि पुन्हा ऐकलं — पुरे... पुरे... — आणि तिला काहीच कळेना.