कासिमची वाट

माझे मेहुणे रिफअतदाजी चाळीस वर्षं अलेक्झांड्रियाच्या बंदरावर दोरखंडांच्या गोदामात होते. समुद्राशी त्यांचा संबंध एवढाच. पण आमच्या बहरी मोहल्ल्यात हवामानावर त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडलेलं त्यांना खपत नसे. आमच्याकडे हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाला नाव असतं आणि त्याची ठरलेली तारीखही असते. डिसेंबरच्या चार तारखेला येतं ते कासिम. दाजी त्याच्याविषयी असं बोलत, जणू कासिम त्यांचा धाकटा चुलतभाऊ आहे आणि येण्याआधी त्यांना विचारून येतो.

त्यांची मुलगी रीहाम कैरोत परिचारिका आहे. त्याच इस्पितळात औषधं देणाऱ्या मुंतसिरशी तिचं जमलं. मुलगा दक्षिणेकडचा, कना गावचा. बोलणी पक्की करून फातिहाची प्रार्थना पढायला त्याचे वडील हाजी मुसअद आणि आत्या तफीदा तीन डिसेंबरला येणार होते. निघण्याआधी हाजींनी फोनवर साधंच विचारलं, "रिफअतभाई, तिकडं थंडी हाय का? कापडं काय आणावी?"

एवढं पुरे होतं. दाजींनी सात मिनिटांचा संदेश रेकॉर्ड करून पाठवला. मी समोरच बसलो होतो.

"हाजी, नीट ऐका. चार तारखेला कासिम येतोय. लोकरीच्या दोन पायघोळ गलबिया, आत लोकरी बंडी, आणि वरून जाड कोट. चपलांचे तळवे रबराचे हवेत. छत्री अजिबात आणू नका! अलेक्झांड्रियात छत्री उघडणारा माणूस कैरोचा असतो. टोपी असेल तर बांधायला नाडी लावा. आणि ऊन दिसलं तरी भुलू नका, हाजी. आमचं ऊन लबाड. लाटा दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या धुऊन जातात, म्हणजे बघा!"

माझी बहीण इन्साफताई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, मुलीचं लग्न ठरवताय की पाहुण्यांना युद्धावर बोलावताय?"

तीन तारखेला आम्ही स्टेशनवर गेलो तेव्हा असं लख्ख ऊन होतं की कॉलेजची पोरं बाह्या दुमडून आइस्क्रीम खात होती. गाडीतून आधी चार गाठोडी उतरली. मग हाजी, नाकापर्यंत लोकरीत गुंडाळलेले. त्यांच्या मागून कैरोत गाडीत चढलेला मुंतसिर, घामाने निथळत. आणि शेवटी तफीदाआत्या, दिवंगत नवऱ्याचा लष्करी कोट घालून, हनुवटीखाली रुमालाची करकचून गाठ मारून.

आत्यांनी डोळे बारीक करून आभाळाकडे पाहिलं. "कुठंय?"

"उद्या," दाजी म्हणाले. "उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र तव्यावरच्या तेलासारखा पसरला होता. समोरच्या घरातला कोळी बयूमी जाळं विणता विणता दाजींना म्हणाला, "काय उस्ताद, कासिमला व्हिसा नाही मिळाला वाटतं?"

"संध्याकाळपर्यंत थांब."

"मी थांबतो हो. पाहुण्यांना विचारा!"

संध्याकाळी सगळे बसले. इन्साफताईने मासे आणि तांबूस भात केला होता. जेवण झाल्यावर मुंतसिरने घसा साफ केला. रीहामने मान खाली घातली. फातिहा पढायला सगळ्यांनी हात पुढे धरायचे, तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "आधी वादळ."

"आत्याबाई, त्याचा याच्याशी काय संबंध?" ताईने विचारलं.

"संबंध कसा न्हाई? पोरगी म्या फोनात बघितली होती. गुणाची हाय. चौदा तास गाडीत हाडं खिळखिळी करून म्या आले त्ये दर्या पिसाळलेला बघाया. गावातल्या समद्या बायांना त्यो संदेश ऐकवून आलेय. आता काय सांगू? दर्या झोपला हुता म्हणून?"

हाजी मुसअद कमी बोलत, पण बोलले की तोललेलं बोलत. ते म्हणाले, "रिफअतभाई, आमच्याकडं माणसाचा शब्द म्हंजी माणूस. वाऱ्यापाण्याबद्दल तुम्ही असं छातीठोक बोलला. मग बाकीचं जे बोलला, घराचं, लग्नाचं, ते पण असंच समजू का?"

दाजींचा चेहरा शिळ्या भाकरीसारखा झाला. मुंतसिरने वडिलांकडे पाहिलं, रीहामने तिच्या वडिलांकडे, आणि दोघांनी मिळून छताकडे.

पाच तारीख गेली. सहाही गेली. दाजी तासातासाला गच्चीवर जात, बोट ओलं करून वर धरत आणि उतरताना पायऱ्यांवर कुणी भेटू नये म्हणून कानोसा घेत. रीहामची रजा संपत आली होती. ती मला म्हणाली, "मामा, तू बाबांना सांग ना, एकदा चुकलो म्हणा. हाजींना तेवढंच हवंय."

"तुझे बाबा? अगं, ते स्वतःच्या लग्नाची तारीख चुकले होते, तेव्हासुद्धा दोष काझीचा होता."

ताईची सहनशक्तीही संपली होती. "एक तर वादळ आणा, नाहीतर भाजी आणा. नुसते घरात भुतासारखे फिरू नका!"

सात तारखेला सकाळी दाजी न्याहारीला आले ते अर्ध्या बाह्यांचा, उन्हाळ्यातला पिवळा शर्ट घालून. उभ्या उभ्याच म्हणाले, "हाजी, मी चुकलो. मला हवामानातलं काही कळत नाही. गोदामाला खिडकीसुद्धा नव्हती. जे ऐकलं ते पुढे सांगत आलो. यंदा हिवाळा नाही, असं समजा. चला, समुद्रावर फिरून येऊ. आणि ती लोकर घरीच ठेवा, मला बघवत नाही."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडलं होतं. ताईच्या हातातला चमचा तसाच राहिला. हाजींनी दाजींच्या ताटात आपल्या हाताने भाजलेलं वांगं वाढलं.

आत्या मात्र लष्करी कोटाची बटणं लावत होत्या. "संदेशात सांगितलंय, ऊन दिसलं तरी भुलू नका. म्या सात वेळा ऐकलाय. मुसअद, बंडी घाल. मुंतसिर, तू बी."

"आत्याबाई, तो सांगणारा मूर्ख होता," दाजी म्हणाले.

"आसंल. पर सांगितलं ब्येस व्हतं."

ताई घरीच थांबली. आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. रताळी भाजणाऱ्याच्या गाडीपाशी थांबलो. हातात गरम रताळं येतं न येतं तोच पश्चिमेकडून असा गार झोत आला की गाडीवाल्याची भट्टी फुसकन विझली. आभाळ बघता बघता जांभळं पडलं. बयूमीसारखे कोळी होड्या ओढत पळत सुटले. आणि मग पहिली लाट आली. किनाऱ्याच्या भिंतीवर आपटली, उभी राहिली आणि रस्त्याच्या मधोमध कोसळली.

दाजी तिच्या बरोबर खाली होते.

आम्ही त्यांना ओढायला धावलो, पण त्यांना यायचंच नव्हतं. पिवळा शर्ट अंगाला चिकटलेला, एक चप्पल समुद्रात गेलेली, आणि ते दोन्ही हात वर करून नाचत होते. "आला! आला गं बाई! हाजी, बघा! हाच तो! तीन दिवस उशीर केलास रे मेल्या!"

"बाबा, इकडे या!" रीहाम रडावं की हसावं न कळून ओरडत होती.

दुसऱ्या लाटेने त्यांना बसवलं. मुंतसिर धावत गेला आणि होणाऱ्या सासऱ्याला काखेत धरून उचलून घेऊन आला. तफीदाआत्या कोटाची कॉलर वर करून, रबरी तळव्यांवर भक्कम उभ्या होत्या. तोंडावरून खारं पाणी गळत होतं आणि त्या लहान पोरीसारख्या खिदळत होत्या. "आजून एक! आजून एक येऊ दे!"

आम्ही जवळच्या चहाच्या दुकानात शिरलो. मालकाने घाईघाईने शटर अर्धं खाली ओढलं. आत वीसेक माणसं कोंबलेली, वाफा सोडणारे कपडे, बाहेर पत्रे उडाल्याचे आवाज. दाजींचे दात कडकड वाजत होते. हाजी मुसअदांनी आपला कोट काढला, त्यांच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "रिफअतभाई, हात धरा पुढं."

"इथे?"

"इथंच. तुम्ही सकाळी जे बोलला, त्ये ऐकलं तवाच माझं ठरलं हुतं. वादळ तफीदासाठी हुतं."

दुकानात जेवढी माणसं होती तेवढ्यांनी हात पुढे धरले आणि फातिहा पढला गेला. दाजींचा आवाज शिंकांत बुडाला. मालकाने सगळ्यांना गोड चहा पाजला. ताईला आम्ही फोनवर सांगितलं, तर ती आधी आनंदाने किंचाळली आणि लगेच म्हणाली, "अर्ध्या बाह्यांत गेलेत ना ते?"

दाजी चार दिवस तापाने झोपून होते. हाजी रोज त्यांच्या उशाशी बसून संत्री सोलत आणि एकेक फोड हातात देत. चौथ्या दिवशी लग्न कुठल्या महिन्यात करावं असा विषय निघाला. दाजींच्या डोळ्यांत जरा तेज आलं. ते कोपरावर रेलून उठले. "हाजी, माझं ऐकाल तर मार्च. मार्चमध्ये वारा कसा असतो, सांगू का..."

ताईने काढ्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. "तुम्ही पडून राहा. तारीख मी आणि आत्याबाई काढतो."