व्हेराने सांगितलेला अर्थ

निकोलाय कोल्हापुरात येऊन पंधरा दिवस झाले होते आणि सगळ्या अपार्टमेंटला ते आवडायला लागले होते. शेजाऱ्यांचा बंद पडलेला मिक्सर त्यांनी दुरुस्त करून दिला होता. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांची मुलगी व्हेरा आणि जावई प्रसेनजीत दोघंही डॉक्टर. रशियात एकत्र शिकले, तिथंच लग्न केलं आणि आता सहा वर्षं राजारामपुरीत राहत होते.

रविवारी प्रसेनजीतचे वडील केरबा गडमुडशिंगीहून आले. दोन्ही व्याही सोफ्यावर शेजारी बसले. बोलायला भाषा नव्हती, म्हणून निकोलायनी मोबाईल दोघांच्या मधे धरला. त्यांच्या देशातला एक खासदार त्यावर ओरडत होता.

या माणसाबद्दल प्रसेनजीतनं लग्नाआधीच विचारलं होतं. तेव्हा व्हेरा म्हणाली होती, "तो जोकर आहे. आमच्या घरात त्याला कुणी मोजत नाही." ते खरंच होतं. घरात त्याचं नावही निघायचं नाही. टीव्ही चालू असायचा आणि पापा गप्प बसून सूप प्यायचे.

"काय म्हणतोय गं त्यो?" केरबांनी विचारलं. "लई तावातावानं बोलाय लागलाय."

खासदार म्हणत होता, शेजारचा देश हा मुळात देशच नाही. दक्षिणेकडून आलेली काळी माणसं आपल्या बाजारात माजलीत, त्यांना गाड्यांत कोंबून परत पाठवा. आपल्यावर कुणी प्रेम करायला नको, घाबरलं तरी पुरे.

निकोलाय हसले. आपल्या मनातलं दुसऱ्यानं बोलून टाकल्यावर माणूस हसतो, तसं. हे हसू व्हेरानं लहानपणापासून पाहिलं होतं. पापा त्या जोकराला हसतात, असं तिला वाटत आलं होतं.

"रस्त्यांबद्दल बोलतोय, आबा," ती म्हणाली. "रस्ते खराब आहेत म्हणतोय."

प्रसेनजीत चहा घेऊन दारात उभा होता. त्याला शब्दन् शब्द कळला होता. त्यानं ट्रे ठेवला. "व्हय आबा. रस्त्याचंच चाललंय."

केरबा मोबाईल सोडून व्याह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आमच्याकडं असाच एक पुढारी हुता," ते म्हणाले. "सभेत आमच्या वस्तीवर नको नको ते बोलायचा. आमास्नी कधी वाकडा शबूद न बोलल्याली चांगली चांगली माणसं खाली बसून अशीच हसायची. त्यास्नी बोलायची गरजच नव्हती." त्यांनी चहा बशीत ओतला. "रस्ते काय, सगळीकडंच खराब असत्यात."

चहा झाल्यावर बापलेक गॅलरीत गेले. व्हेरा वडिलांजवळ बसली.

"पापा, तुला हे पटतं?"

"मी कधी असं काही बोललोय?"

नव्हते बोलले. एकदाही नाही. भांडायला हातात धरावं असं एक वाक्यसुद्धा तिला आठवेना.

"तो जोकर आहे, व्हेरा. पण कुणीतरी म्हणायला हवंच ना."

"आमच्या लग्नाच्या वर्षी प्रसेनजीतला बाजारात हेच म्हणून मारलं होतं."

"प्रसेनजीत आपला आहे," ते प्रेमानं म्हणाले आणि तिच्या हातावर थोपटलं. त्या हाताची ऊब तिला ओळखीची होती. तिला तो झटकता येईना, धरताही येईना. त्यांचं परतीचं विमान तीन आठवड्यांनी होतं. आणि पुढं कधी माहेरी जायचं झालं, तर ते याच माणसाच्या घरी.

केरबा निघताना चपला घालत म्हणाले, "सांग त्येंला, फुडच्या आयतवारी गावाकडं या म्हणावं जेवायला. तुझी सासू वाट बघत्या."

व्हेरानं जसंच्या तसं सांगितलं. निकोलाय उठून उभे राहिले, केरबांचा हात दोन्ही हातांत घेऊन ते आपल्या भाषेत काहीतरी बोलले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"काय म्हणत्यात?"

"किती चांगली माणसं आहात तुम्ही, असं म्हणतायत."

केरबांनी मान हलवली आणि जिना उतरू लागले. प्रसेनजीत त्यांना सोडायला गेला. आत मोबाईलवर खासदाराचं दुसरं भाषण आपोआप सुरू झालं होतं आणि निकोलाय ते ऐकायला पुन्हा सोफ्यावर जाऊन बसले.