कुंपणाखालची बेरी

शेळ्यांचं कुंपण थेट बेरीच्या, त्या अरुंद विहिरीच्या, तोंडावर उभारायची अक्कल खमीसो चाचाची. "साहेब लोक कुठंही नाक खुपसतात," तो म्हणाला, "पण लेंड्यांत नाही खुपसणार!" त्यावर सगळी वांढ पोट धरून हसली. वांढ म्हणजे तरी केवढी? वाळूच्या दोन टेकड्यांमध्ये अकरा गोल झोपड्या, एक वाकडं खेजडीचं झाड आणि दोन विहिरी. एक खारी. दुसरी गोडी.

गोडी बेरी साठ हात खोल होती, पण तिचं तोंड इतकं अरुंद की एक माणूस जेमतेम आत उतरावा. भागभरीच्या खापरपणज्यानं ती खणली होती. झोपडीला रोज दोन घागरी गोडं पाणी, तेही फक्त प्यायला. शेळ्या, उंट, धुणंभांडी सगळं खारीवर. आणि यंदा पहाटे गोडीवर कातडी डोल सोडायचं काम कुणाकडे आलं होतं? भागभरीकडे! वय वर्षं पंधरा. ती घागर डोक्यावर घेऊन अशी चालायची की आई, सबाई, म्हणायची, "अगं, पाणी आणतेस की नवाबाची वरात?"

आता त्या बेरीवर फळ्या टाकल्या होत्या, फळ्यांवर वाळू, वाळूवर काट्यांचं कुंपण आणि कुंपणात चाळीस शेळ्या.

लपवायचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. भागभरीच्या बाबांची, वरयामची, थोरली बहीण पश्चिमेला दिली होती. तिच्या गावातून आगगाडी गेली. इंजिनाला खारं पाणी चालत नाही, पोटात मीठ धरतं म्हणे. त्याला गोडंच लागतं, आणि लागतं तेही घोटभर नाही. पहिल्या वर्षी तिथल्या विहिरीला तारेचं कुंपण पडलं, दुसऱ्या वर्षी पहारेकरी आला आणि तिसऱ्या वर्षी विहिरीचा तळ दिसला. फुफी, म्हणजे भागभरीची ही आत्या, पोरंबाळं घेऊन दूर कालव्याकडे गेली, दुसऱ्यांची शेतं कापत राहिली आणि तिथंच कुणाच्या तरी बांधावर मेली. निरोप आला तेव्हा तिला पुरून दोन महिने झाले होते.

म्हणून वरयामनं सगळ्यांना बसवून सांगितलं, "खोटं कुणी बोलायचं नाही. वाटसरूला पाण्याबद्दल खोटं सांगणं म्हणजे त्याचा गळा दाबणं. आपण खारी दाखवायची. दुसरी आहे का असं विचारलं नाही, तर सांगायचं नाही."

"आणि विचारलं तर, बाबा?" भागभरीनं विचारलं.

खमीसो चाचाच म्हणाला, "नाही विचारत गं. समोर एक विहीर दिसली की माणूस दुसरी शोधत नाही."

वैशाखात आगगाडीचे मोजणीवाले आले. सात उंट, एक गोरा साहेब, त्याचा मुन्शी हरचरणदास आणि साखळ्या नि झेंड्यांचे बांबू वाहणारी सहा माणसं. मुन्शीनं त्यांची ओळख करून दिली, "हे आमचे खलाशी."

"खलाशी?" खमीसो चाचानं डोळे मिचकावले. "वाळूत? मग होडी मागून येतेय वाटतं."

"होडी साहेबांनी डोक्यावर घातलीय, चाचा," खलाश्यांतला एक किडकिडीत पोरगेलासा माणूस हळूच म्हणाला. साहेबाची ती पांढरी, उपडी टोपी बघून बायकांनी ओढण्या तोंडात कोंबल्या. त्या किडकिडीत खलाश्याचं नाव रमजानी. तो गंगेकडचा होता. आमच्याकडे पाणी न बोलावता घरात शिरतं, असं तो सांगायचा. वांढेतल्या कुणालाही ते खरं वाटलं नाही.

साहेबानं खारीचं पाणी मागवलं. मुन्शीनं ते एका बाटलीत घेतलं, त्यात कसलासा पांढरा तुकडा खरवडून टाकला आणि बाटली घुसळू लागला. घुसळ घुसळ घुसळली. पाण्यात नुसत्या फुटलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या.

"साहेबाचं ताक नासलं!" खमीसो चाचा पुटपुटला.

मुन्शीनं मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि वरयामच्या खांद्यावर हात ठेवला. "नशीब नाही तुमचं. पाणी खारं आहे. गाडीचा रस्ता इथून बारा कोस उत्तरेला न्यावा लागणार."

"अल्लाची मर्जी," वरयाम म्हणाला. त्यानं मान खाली घातली होती. दुःखानं नव्हे. तोंडावर हसू दिसू नये म्हणून.

झालं! सुटलो! भागभरीला तर टेकडीवरून गडगडत खाली यावंसं वाटत होतं.

पण त्या दोन दिवसांत रमजानीनं खारीचं पाणी तांब्यांवर तांबे ढोसलं होतं. वांढेतल्या माणसांच्या आतड्यांना ते पाणी अडीनडीला पिऊन सवयीचं, पण परक्याला ते जुलाबाच्या औषधासारखं लागू पडतं. तिसऱ्या दिवशी त्याला उभंही राहता येईना. उंटावर बसवला तर घसरून पडला.

"उत्तरेचं बघून चार दिवसांत परत येतो," मुन्शी वरयामला म्हणाला. "तोवर याला ठेवा. जगला तर घेऊन जाऊ." आणि त्यांचा तांडा गेलासुद्धा.

रमजानीला खेजडीच्या सावलीत निजवलं. त्याच्या उशाशी खारीच्या पाण्याचं मडकं ठेवलं. काही झालं तरी तो मोजणीवाल्यांचा माणूस होता ना. तो प्यायचा, कळवळायचा, पुन्हा प्यायचा. शेळ्याही वैशाखात आटलेल्या, ताकाचा थेंब नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याचे ओठ झाडाच्या सालीसारखे फुटले आणि तो आईला हाका मारू लागला.

"अमां, तो मरेल," भागभरी म्हणाली.

सबाई बाजरीचं पीठ मळत होती. मळतच राहिली. मान वर न करता म्हणाली, "पाहुणा आपल्या सावलीत तहानेनं मेला, असं या वांढेत आजवर झालेलं नाही." बस्स, एवढंच बोलली. दे असंही नाही, नको असंही नाही.

बेरी झाकण्याआधी घागरींत भरून ठेवलेल्यातलं आपल्या वाटणीचं पाणी भागभरीनं घेतलं. रमजानीचं मडकं उपडं केलं, पुसलं आणि त्यात गोडं पाणी ओतलं. पहिला घोट घेतल्यावर त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, मग मडक्याकडे बघितलं.

"हे ते पाणी नाही."

"गप पी, अदा. भाऊ म्हणतेय तुला, पण कुणाला बोललास तर याद राख!"

"माझ्या आईची शपथ," तो म्हणाला आणि रडायला लागला. भागभरीनं त्याला दटावलं, की प्यायलेलं पाणी असं डोळ्यांतून सांडू नकोस, महाग आहे ते.

त्यानं शपथ पाळली. हे सांगायलाच हवं, कारण नंतर वांढेतले काही लोक भलतंच बोलले. रमजानी कुणाजवळ एक शब्दही बोलला नाही.

चौथ्या दिवशी तो उठून बसला. उत्तरेकडून उंटांची धूळ दिसली तशी त्याची धांदल उडाली. "मुन्शीजी मला या अवतारात बघतील तर पुन्हा इथंच टाकून जातील!" त्यानं आपलं गाठोडं सोडलं, त्यातून एक पांढरा तुकडा काढला आणि मडक्यात राहिलेलं ओंजळभर पाणी घेऊन हातावर चोळला.

आणि काय सांगावं! त्याच्या हातांतून ढगच उठले. पांढरे, हलके, फुगणारे! वांढेतली सगळी चिल्लीपिल्ली धावत आली. आपण अंग चोळायचं ते वाळूनं, नाहीतर मुलतानी मातीनं. असलं काही कुणाच्या बापजन्मात पाहिलेलं नव्हतं. रमजानीनं दाढीला फेस लावला, एका पोराच्या नाकाला लावला, भागभरीच्या दोन्ही गालांना लावला. "ही बघा म्हातारी झाली!" पोरं ओरडली. भागभरी कंबरेत वाकून म्हातारीसारखी चालू लागली, खोकू लागली. आठ दिवसांची धास्ती एकदम उतरली होती, आणि ती अशी हसली, अशी हसली, की तिला उंट बसल्याचा आवाजही आला नाही.

मग पोरं मागे सरकली.

मुन्शी हरचरणदास तिच्या मागे उभा होता. तो हसत नव्हता, रागावलाही नव्हता. त्यानं बोटानं तिच्या गालावरचा फेस उचलला आणि दोन बोटांत चोळून बघितला.

"खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, पोरी," तो म्हणाला. "हे पाणी कुठलं?"

बाटली. गुठळ्या. नासलेलं ताक. भागभरीच्या डोक्यात सगळं एकदम लखकन पेटलं.

"माझ्या पखालीतलं होतं, मुन्शीजी," रमजानी घाईघाईनं म्हणाला. "जपून ठेवलेलं."

"तुझी पखाल मी माझ्या उंटावर नेली होती."

"पावसाचं असेल, साठवलेलं," खमीसो चाचा पुढे झाला. "आम्ही साठवतो थोडं थोडं."

"पाऊस कधी पडला होता?"

तीन वर्षं झाली होती.

मुन्शी वरयामकडे वळला. आवाज न चढवता त्यानं सरळ विचारलं, "वरयाम, इथं दुसरी विहीर आहे का?"

भागभरी मनात ओरडत होती, नाही म्हणा, बाबा, एकदाच म्हणा! वरयामनं तिच्याकडे बघितलं. तिच्या गालावर अजून फेस होता, वाळत आलेला. मग त्यानं शेळ्यांच्या कुंपणाकडे हात केला.

"आहे. साठ हात. गोडी."

त्याच दुपारी खलाश्यांनी कुंपण उचकटलं. शेळ्या कुठं जावं न कळून तिथंच घोटाळत राहिल्या. साहेबानं पाणी चाखलं, पुन्हा चाखलं आणि पहिल्यांदाच हसला. मुन्शीनं वरयामला सांगितलं, की इथं स्टेशन होईल, टाकी होईल, तुमच्या वांढेचं नाव नकाशावर येईल. तो मनापासून सांगत होता, त्याला खरंच आनंद झाला होता.

वरयाम लेकीजवळ येऊन बसला. त्यानं आपल्या पागोट्याच्या शेवानं तिचे गाल पुसले.

"मी केलं, बाबा."

"तू पाहुण्याला पाणी दिलंस."

"मारा मला."

"कशाबद्दल?" वरयाम म्हणाला. त्यानं मारलं असतं तर बरं, असं भागभरीला वाटलं. फुफीची पोरं कुणाच्या शेतात राबत असतील, तेही आत्ताच तिच्या मनात येऊन गेलं. उंटांवर सामान चढवताना आई आधी काय बांधेल? जातं?

तिकडे मोजणी सुरू झाली. तीन पायांवरच्या दुर्बिणीला मुन्शीनं डोळा लावला. बेरीच्या काठावर रमजानी लाल-काळ्या खुणांची उंच पट्टी धरून उभा होता. भागभरी डोल आवरायला तिथं गेली, तेव्हा तिच्याच बोलीत तिला बहीण म्हणत तो ओठ न हलवता म्हणाला, "अदी, पट्टी कलली की आकडा चुकतो. जमीन आहे त्याहून खोल दिसते. खोलातून गाडी नेत नाहीत." आणि त्यानं पट्टी हळूच मागे कलवली.

"सरळ धर!" मुन्शी ओरडला.

"हात कापतोय, मुन्शीजी. अंगात ताप आहे अजून."

त्यानं सरळ केली, मुन्शीनं डोळा लावला, तशी पुन्हा कलवली. मुन्शी तरातरा चालत आला आणि हातातली छडी रमजानीच्या पोटरीवर हाणली. रमजानी हूं की चूं बोलला नाही. मुन्शी परत गेला. पट्टी पुन्हा कलली. आता साहेबही उठून उभा राहिला.

चार दिवस अन्न नसलेलं अंग ते. घाम डोळ्यांत जात होता, आणि तो वेडा माणूस एक लाकडी पट्टी तिरपी धरून अख्खी आगगाडी अडवायला निघाला होता. मुन्शी दुसऱ्यांदा छडी घेऊन निघालेला भागभरीला दिसला. या वेळी तो पोटरीवर थांबणार नव्हता.

तिनं डोल खाली ठेवला.

"अदा," ती म्हणाली, "सरळ धर."

त्यानं नकाराची मान हलवली.

"धर ना रे. एवढं पाणी पाजून जगवलं ते मार खायला? सरळ धर."

रमजानीनं पट्टी सरळ केली. मुन्शी अर्ध्या वाटेतून मागे फिरला, दुर्बिणीपाशी वाकला, आकडा मोठ्यानं वाचला, आणि साहेबानं तो लिहून घेतला.