बाई असं बोलत नाही

मी खुर्ची बोलतेय. राजकारणातली नव्हे, तिच्यासाठी लोक जीव टाकतात. मी सिनेमाच्या लेखकाची फिरती खुर्ची. माझ्यावर माणूस नुसता बसतो, आणि बसूनही धड काही लिहीत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पाच चाकांची, दोन हातांची, पाठीला जाळी असलेली देखणी वस्तू होते. दुकानात हे जोडपं आलं. लेखकमहाशय माझ्यात बसून गोल गोल फिरले आणि डोळे मिटून म्हणाले, "हिच्यात प्रेरणा आहे."

त्यांची बायको दातांची डॉक्टर. ती म्हणाली, "पाठ दुखणार नाही ना, तेवढं बघ." घरात डोकं कुणाचं चालतं ते मला तिथेच कळलं.

प्रेरणेचं म्हणाल तर ती माझ्यात कधीच नव्हती. सकाळी महाशय बसतात. नखं बघतात. पंखा कमी करतात, मग वाढवतात. एक वाक्य टंकलं की स्वतःवरच खूश होऊन मला गिरकी देतात. मग ते वाक्य मोठ्याने वाचायचं: नायकाचं असेल तर घसा खाली ओढून, नायिकेचं असेल तर नाकातून. वाचलं की लगेच स्वयंपाकघरातून आवाज, "बाई असं बोलत नाही."

"मग कसं बोलते?"

डॉक्टरीणबाई कांदा चिरता चिरता सांगतात. दिवसभर दवाखान्यात आ वासलेल्या माणसांचं बोलणं समजून घेणारी बाई ती, तिला नायिकेचं काय कठीण? महाशय ते जसंच्या तसं उतरवून घेतात. मागचा सिनेमा त्याच संवादांवर चालला आणि पडद्यावर नाव झळकलं एकट्या महाशयांचं. नव्या सिनेमाच्या वेळी मात्र बाईंनी सरळ सांगितलं, "यावेळी माझंही नाव घाल. नाहीतर मला हे जमणार नाही."

"अगं, ते काय सांगायला हवं?" महाशय म्हणाले. त्यांचा शब्द म्हणजे माझं मागचं चाक, कधी कुठे वळेल सांगता येत नाही. पहिल्या पानावर त्यांनी नाव टंकलं, ते पुन्हा एकट्याचंच.

गेल्या रविवारी महाशयांनी होतकरू लेखकांची शिकवणी घेतली. संगणकाच्या पडद्यावर डझनभर चेहरे, आणि समोर हे इस्त्रीचा शर्ट वर, खाली घरातली विजार. एका मुलीने विचारलं, "सर, तुमच्या नायिका इतकं खरं कसं बोलतात?"

महाशय इतके मागे रेलले की माझा कणा मोडायचा बाकी राहिला. "एकांत," ते म्हणाले. "मी स्त्रीच्या मनात उतरतो. तिथे मी एकटाच असतो. तुम्हीही घरच्यांना लिहायच्या खोलीकडे फिरकू देऊ नका."

बाई चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. कप ठेवून वळल्या. महाशयांनी घोट घेतला आणि मागून हाताने खूण केली, साखर कमी आहे.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला. महाशयांना वाटलं, आपलं लिखाण सुधारलं.

आज सकाळी ते शेवटच्या प्रसंगाला अडले. नायिका नवऱ्याला सोडून निघाली आहे, जाताना काय बोलेल? "सांग ना गं," त्यांनी हाक मारली. बाई आल्या. हातात बॅग होती.

"मी ताईकडे चालले आहे. नाव घातलं नाहीस, त्याचं एवढं नाही रे. तू माझं ऐकतोस असं मला वाटायचं. तू नुसतं उतरवून घेत होतास."

महाशयांची बोटं धावत होती. मान वर नाही. "वा. सावकाश सांग जरा. पण 'ताईकडे' नको, 'आईकडे' करू. लोकांना जास्त लागतं."

इतक्या वर्षांत बाईंचं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच सुधारलं. बाईंचे डोळे भरून आले.

"आई कुठे आहे आता," त्या म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

"हे मात्र जरा जास्त होतंय," महाशय पुटपुटले. तेवढं त्यांनी गाळलं.

मी जिवाच्या आकांताने कुरकुरले. "हिला तेल घालायला हवं," महाशय म्हणाले. मग अख्खा प्रसंग मोठ्याने वाचला आणि कान देऊन थांबले. चूक काढायला कुणी आलं नाही. स्वारी खूश. मला गिरकी.

होतकरूंनो, सल्लाच हवा असेल तर माझ्याकडून घ्या. लिहायला माझ्यावर ठाण मांडून बसावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण कधी उठायचं, हेही कळावं लागतं.

आणि महाशय, तुमचं ओझं मी आणखी कितीही वर्षं सोसेन. पण आत्ता माझ्यावरून उठा हो. बॅग जड आहे. बाई अजून जिन्यातच आहेत.