पिंपळाच्या पारंब्या

“पिंपळाले पारंब्या कायले लोंबून राहिल्या, आत्या?”

वरठीहून मोटारसायकलने आलेल्या सुगतने हेल्मेट काखेत धरूनच हा प्रश्न केला आणि तो मोकळेपणाने हसला. दिघोरीच्या विहारात नव्या रंगविलेल्या भिंतीसमोर बसलेल्या बायांपैकी व मुलांपैकी दुसरे कोणीही हसले नाही. उद्या बुद्धपौर्णिमा होती. भिंतीवर बोधिवृक्षाखाली तथागत ध्यानस्थ बसले होते आणि वृक्षाच्या फांद्यांवरून जाडजाड पारंब्या निळ्या आकाशातून जमिनीपर्यंत उतरल्या होत्या.

धनीराम पेंटरच्या हातातील ब्रश जागीच थबकला.

“उन्हाचा आला, पाणी पे आंधी,” बायजाबाई भाच्याला म्हणाल्या. “आल्या आल्या तोंड चालवते.”

“अवो पण आत्या, हा तं वड होय! उद्या लाखनीचे लोकं येतीन, हासतीन ना!”

धनीरामने वर पाहिले. वडच होता, निःसंशय. त्याचे उभे आयुष्य झाडीपट्टीतील नाटकांचे पडदे रंगविण्यात गेले होते, आणि गावाचा देखावा असलेल्या प्रत्येक पडद्यावर एक वड असे. हात त्याच सवयीने चालला होता. इतकेच असते तरी निभावले असते. परंतु ‘पारंब्या सोडा, झाड पोक्त दिसते,’ असे सांगून त्याने या सर्वांकडून त्या रंगवून घेतल्या होत्या.

छापील फ्लेक्स आले आणि पडद्यांची कामे बंद झाली. त्यानंतर पत्नी निवर्तली आणि लाखनीच्या घरात त्याची वाट पाहणारे कोणी उरले नाही. अशा दिवसांत येथील अंगणवाडीच्या दीपमालाने त्याला रविवारी विहारात चित्रकला शिकविण्यास बोलाविले. तेव्हापासून आठवड्यातील तो एकच दिवस त्याला आपला वाटे. येथे त्याला गुरुजी म्हणत. गुरुजी यायच्या आधी त्यांची चटई अंथरलेली असे.

सुगतच्या बोलण्याचे आश्चर्य त्याने प्रत्येक चेहऱ्यावर शोधले. ते कोठेही नव्हते.

“दीपमाला, तुले मालूम होतं?”

“पह्यल्याच दिवशी, गुरुजी.” ती मान खाली घालून म्हणाली, “आपल्या मांगच्या आंगनात पिंपळच हाये ना जी.”

“मंग बोलली काहून नाही?”

बायजाबाईंनीच समजुतीच्या स्वरात उत्तर दिले, “जाऊ द्या ना जी. पाहुण्याले कोन टोकते?”

‘पाहुणा’ या शब्दात कसलीही टोचणी नव्हती. मायेने म्हटलेला तो शब्द होता, आणि म्हणूनच धनीरामच्या अंतःकरणात तो खोलवर रुतला. त्याची दृष्टी आपोआप खिळ्याला टांगलेल्या कापडी पिशवीकडे गेली. पिशवीतून स्टीलच्या गिलासाची कड दिसत होती.

पहिल्या दिवशी बायजाबाईंनी पाणी पुढे केले, तेव्हा ‘वैद्याचं पथ्य हाये’ असे सांगून त्याने हा स्वतःचा गिलास बाहेर काढला होता. कोणत्याही वैद्याने असे पथ्य सांगितलेले नव्हते. लाखनीचे भाऊबंद काय म्हणतील, या भयाने त्याने तो आणला, आणि पुढे सवयीने आणीत राहिला. दर रविवारी बायजाबाई त्या गिलासात वरून चहा ओतीत. आजार कोणता, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. पारंब्या ज्यांना पहिल्याच दिवशी कळल्या, त्यांना गिलास कळला नसेल काय?

पाहुणा होऊन तो स्वतःच उंबरठ्यावर बसून राहिला होता.

“मिटवतो मी,” तो पुटपुटला.

आकाशाचा रंग नव्याने कालवायचा होता. डबे सारे भरलेले होते, कालवायला रिकामा एकही नव्हता. धनीरामने पिशवीतून गिलास काढला, त्यात पांढरा ओतला, निळा ओतला आणि ब्रशच्या दांडीने ढवळू लागला.

“गुरुजी, तुमचा गिलास!” लहानगी तृप्ती ओरडली. दीपमालाने हळूच तिचा हात दाबला.

धनीराम मागे वळला नाही. सुगतने स्टूल धरले. त्यावर चढून धनीराम एकेक पारंबी आकाशाच्या रंगाखाली झाकू लागला. गिलास कलत होता, आणि रंगाचे थेंब फरशीवर पडत होते, याचे त्याला भान नव्हते.

“ओ पेंटर! डोळे हायेत का बटनं?” बायजाबाईंचा आवाज विहारात घुमला. “सकाळपासून कंबर मोडेस्तोवर फरशी घासली मी, अन् तुमी सारा रंग सांडवून राहिले! उतरा खाली! पुसा आंधी!”

दीपमालाने तोंडावर हात ठेवला. सुगतही दचकला.

धनीराम निमूटपणे खाली उतरला. बायजाबाईंनी फेकलेला फडका त्याने झेलला आणि गुडघे टेकून तो फरशी पुसू लागला. त्याने मान वर केली नाही. करण्याचे त्याला धैर्य झाले नाही.

तेवढ्यात चहा आला. सर्वांना कप वाटता वाटता कोणीतरी तसाच एक कप त्याच्या गुडघ्याशी ठेवला.

“त्या कोन्ट्यात बी पडला हाये, थो कोन पुसन?” बायजाबाई म्हणाल्या.

“पुसतो ना जी,” धनीराम म्हणाला, आणि कप सोबत घेऊन गुडघ्यांवरच त्या कोपऱ्याकडे सरकला.