रखवालदाराने अडवलेला फोटो

नेव्हेनाच्या नवऱ्याला, गाव्रिलला, जाऊन शनिवारी वर्ष होणार होतं. गावच्या रिवाजाप्रमाणे इमारतीच्या दारावर फोटोसकट वर्षाचं शोकपत्र लागायलाच हवं होतं. चाळीस दिवसांचं लागलं, सहा महिन्यांचं लागलं, आणि दोन्हींवर ओळखपत्रातला तोच फोटो: कुणीतरी आपली खुर्ची पळवल्यासारखा चेहरा. पावाची पिशवी घेऊन आत शिरताना नेव्हेना वर्षभर त्या आठ्यांखालून जात होती. आता बास. तिला तुंजा नदीच्या काठचा फोटो हवा होता. त्या दिवशी गळाला भलामोठा मासा लागला होता आणि गाव्रिल डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला होता. छापखान्यात फोटो शुक्रवारी दुपारपर्यंत पोचवायचा होता.

फोटो घरच्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि तिथे ठाण मांडून बसला होता रखवालदार.

हा व्हायरस पकडणारा प्रोग्राम गाव्रिलने अकरा वर्षांपूर्वी घातलेला. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, पण हा मेला जागचा हलेना. दर पाच मिनिटांनी लाल चौकट: तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. आता तर फोटोंचा अख्खा फोल्डरच संशयित म्हणून त्याने कुलपात घातला होता. काढायला जावं तर पासवर्ड मागायचा, आणि पासवर्ड सांगणारा मातीखाली झोपला होता.

गुरुवारी सकाळी वरच्या मजल्यावरचा मिन्चो आला. गाव्रिलचा मासेमारीतला जोडीदार, गिरणीतला जुना वायरमन. त्याने नेव्हेनाची जन्मतारीख टाकून पाहिली, लग्नाची तारीख टाकली, गाव्रिलच्या पहिल्या मोटारीचा नंबरही टाकला. नाही. प्रत्येक 'नाही'ला नेव्हेनाच्या डोक्यात तिडीक जात होती. कुणापासून कुलूप? घरात होतं कोण दुसरं? छत्तीस वर्षं एकच पालुपद ऐकलं होतं तिने: हात लावू नकोस, बिघडेल. रेडिओला नाही, कॅमेऱ्याला नाही, या डबड्याला तर नाहीच नाही. गिरणीत ती एका वेळी आठ माग चालवायची, तिथे काही बिघडलं नव्हतं.

मिन्चोने रखवालदार बंद केला, तो पुन्हा उठला. त्याच्या फायली कचऱ्यात टाकल्या, त्या परत आल्या. दोन कॉफ्या आणि वाटीभर लोणच्याच्या मिरच्या संपल्यावर त्याने हात टेकले.

"वहिनी, सगळंच पुसून टाकू या. कोरी पाटी."

"आणि फोटो?"

"फोटो जातील."

"उठा तिथून," नेव्हेना म्हणाली.

ती गाव्रिलच्या खुर्चीत बसली, जन्मात पहिल्यांदा. पडद्यावरचं वाक्य तिने दोनदा वाचलं. प्रोग्राम चालू असताना काढता येणार नाही. मग चालू असताना काढताय कशाला, तिने विचारलं. चालत्या मागातून बॉबिन कोण काढतं? कॉम्प्युटर सुरू होतो पण हा जागा होत नाही, अशी काही वेळ नसते का?

मिन्चोने कपाळावर हात मारला. असते म्हणाला, सेफ मोड, आपल्या डोक्यातच आलं नाही. कुठलं बटण दाबायचं ते त्याने सांगितलं, दाबलं तिने. लाल चौकट आली नाही. रखवालदाराची एकेक फाईल तिने स्वतः पुसली, दात ओठ खाऊन.

मग फोल्डर उघडला. हजारावर फोटो. नेव्हेना मिरच्या भाजताना, नेव्हेना बाल्कनीत, नेव्हेना बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेली. पुढे नेव्हेना, मागे नेव्हेना. नदीकाठचाही सापडला. मासा तिच्याच हातात होता, हसतही तीच होती. गाव्रिल नव्हता. तिच्या पायाशी गवतावर एक लांब सावली तेवढी पडली होती, टोपी घातलेली, कोपरं वर केलेली.

त्याचं हसू तिने समोरून पाहिलं होतं, म्हणून तिला वाटत राहिलं की ते फोटोत आहे.

"एकदा," ती म्हणाली. "एकदा तरी माझ्या हातात द्यायचा होता तो कॅमेरा. मी काय मोडून खाल्ला असता?"

मिन्चो चाचरत म्हणाला, मग जुनाच देऊ या, ओळखपत्रातला.

"हाच द्यायचा."

"वहिनी, यात तुम्ही आहात. दारावर लागला तर लोकांना वाटेल तुम्हीच गेलात. फुलं घेऊन येतील."

"येऊ देत. दार मी उघडेन."

शनिवारी सकाळी तिने आधी आठ्यांचा कागद टराटरा फाडला आणि नवा स्वतःच्या हाताने चिकटवला. फोटोत मासा धरून खिदळणारी बाई. खाली तिने छापून घेतलं होतं: गाव्रिल, एक वर्ष. तो गवतावर दिसतो आहे. फोटो त्याने काढला, मला काढू दिला नाही.